एअर फिल्टर आणि गाडीचा पुढचा मालक

गाडीला बाहेरचा ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर बसवावा का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, पहिली गाडी नुकतीच हातात आलेले कॅप्टन-मेजर. दुसरे, पेन्शनवर आलेले आपले जुनेजाणते. पहिल्यांना पिकअप हवा असतो. दुसऱ्यांना ‘एकदा घ्या, धुवा आणि जन्मभर वापरा’ हे वाक्य पटलेलं असतं. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे: बसवू नका. हे उत्तर ऐकून पहिले हसतात आणि दुसरे नाराज होतात, म्हणून कारणं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

सध्या मुक्काम कोलकात्यात, सॉल्ट लेकला आहे. या विषयासाठी याहून चांगली जागा नाही, कारण हे गावच गाळावर उभं आहे. शहराच्या पूर्वेला खाऱ्या पाण्याचे उथळ तलाव होते. १९६२ पासून हुगळीच्या पात्रातला गाळ उपसून, पाण्यात कालवून, पाइपांतून इथे आणून ओतला गेला. युगोस्लाव्हियाच्या कंपनीने ते काम केलं आणि दोब्रिव्होये तोश्कोविच या युगोस्लाव्ह नगररचनाकाराने त्यावर आखीवरेखीव शहर मांडलं. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावावरून त्याचं बिधाननगर झालं, पण लोक सॉल्ट लेकच म्हणतात. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, ब्लॉकाब्लॉकात बागा आहेत. तरीही नोव्हेंबर ते मार्च या काळात सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवलं, तर हाताला पिठासारखी बारीक धूळ लागते. त्यात नदीचा गाळ, बांधकामाचं सिमेंट, डिझेलची काजळी असं सगळं मिसळलेलं असतं. मेट्रोच्या नव्या मार्गाचं काम चाललेल्या बायपासवर, चिंगरीघाट्याच्या सिग्नलला थांबलं की ही धूळ उजेडात तरंगताना डोळ्यांना दिसते.

आता इंजिनाचा श्वास बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी १०,००० किलोमीटर चालली, तर तिने ७५ लाख लिटर हवा ओढलेली असते. त्या हवेत जी काही धूळ आहे, तिच्या आणि पिस्टनच्या मध्ये फक्त एक घड्या घातलेला कागद उभा असतो. तो कागद म्हणजे एअर फिल्टर. त्याची जागा इंजिनाच्या दाराशी, आणि काम पहाऱ्याचं. पहारेकऱ्याची किंमत त्याने किती लोकांना झटपट आत सोडलं यावर ठरत नाही, कोणाला आत सोडलं नाही यावर ठरते. बाजारातली सगळी जाहिरात मात्र पहिल्याच गोष्टीची असते.

मल्लिक बाजारात, म्हणजे पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड जिथे मिळतात तिथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, एका दुकानात मी हा फिल्टर हातात घेऊन पाहिला. लाल रंगाचं, तेल लावलेलं सुती कापड, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी. दुकानदार म्हणाला, “दादा, पिकअप दारुण होबे!” पिकअप झकास होईल. त्याचं म्हणणं असं, की कागदातून हवा अडखळत जाते, यातून मोकळी जाते, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद.

हे अर्धंच खरं आहे. पेट्रोल गाडीत हवेची वाट सर्वांत जास्त कोण अडवतं, तर थ्रॉटल. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढीच ती झडप उघडते. सॉल्ट लेकच्या ब्लॉकांतून तिसऱ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना झडप बरीचशी मिटलेली असते. पुढे कुलूप लावलेलं दार आहे आणि आपण अंगणाचं फाटक रुंद करतोय, असा हा प्रकार. फिल्टरमुळे काही फरक पडायचाच असेल, तर तो अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून इंजिन वरच्या फेऱ्यांवर पळवताना पडेल. कोलकात्यात अशी संधी दिवसातून किती सेकंद मिळते, हे ज्याने त्याने मोजावं.

अ‍ॅव्हरेज वाढेल हा दुसरा दावा. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आजच्यासारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर याची परीक्षा घेतली. फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिला, तरी इंधनाच्या खपात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. गाडी वेग घ्यायला तेवढी मंदावली. कारण हवा किती येते ते बघून इंजिनाचा कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. चोंदलेल्या फिल्टरमुळे पेट्रोल जास्त जातं ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. अगदी चोंदलेला कागद बदलूनही पेट्रोल वाचत नसेल, तर चांगला कागद काढून कापड बसवल्याने कुठून वाचणार?

मग बसवणाऱ्यांना फरक जाणवतो तो कसला? आवाजाचा. फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा फक्त डबा नसतो, इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाज दाबण्याचं कामही तो करतो. डबा काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की गाडी गुरगुरायला लागते, आणि गुरगुरणारी गाडी आपल्याला वेगवान वाटते. प्रत्यक्षात तो शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढत असतो. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते. मे महिन्यात, ट्रॅफिकमध्ये, बॉनेटखाली काय तापमान असेल याचा अंदाज करा. हौसेने पैसे मोजून ताकद कमी करून घेण्याचा हा प्रकार आहे.

आता धुळीकडे येऊ, कारण खरा मुद्दा तो आहे. फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरावीक मापाची धूळ ठरावीक वेगाने फिल्टरवर सोडतात आणि किती अडली, किती आरपार गेली ते वजनाने मोजतात. समजा, एका फिल्टरने ९९ टक्के धूळ अडवली आणि दुसऱ्याने ९७. दुकानात हा फरक दोन टक्क्यांचा सांगतात, आणि दोन टक्क्यांनी काय होतंय असं आपल्यालाही वाटतं. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नाही, आत आलेल्या धुळीशी आहे. शंभर ग्रॅम धुळीतली एका वेळी एक ग्रॅम आत आली, दुसऱ्या वेळी तीन ग्रॅम. म्हणजे तिप्पट. घुसखोरी रोखणाऱ्या कोणत्याही पोस्टवर उभं राहिलेल्या माणसाला हे गणित वेगळं समजवायला नको.

आणि ही धूळ साधी नसते. तिच्यातले वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्झ, पोलादावर ओरखडा काढण्याइतके कठीण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. इंजिनाचं जास्त नुकसान करतात ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण ते पिस्टन रिंग आणि सिलिंडरमधल्या तेलाच्या पातळ थरात बरोबर अडकतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. हे घासणं दिसत नाही, ऐकू येत नाही. शहरातल्या डांबरी रस्त्यावर तर ते इतकं सावकाश होतं, की पहिली तीन-चार वर्षं काहीच कळत नाही. विक्रेत्याचं फावतं ते इथेच. “मी पन्नास हजार किलोमीटर चालवली, काही झालं नाही,” असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला फक्त दिसलेलं नसतं.

तेल लावलेल्या सुती फिल्टरची निंदा करायची म्हणून मी हे लिहीत नाही. त्याची जागा वेगळी आहे. हा प्रकार जगभर पोहोचवणाऱ्या के अँड एनची सुरुवात १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला झाली, आणि तिचा मूळ धंदा मोटरसायकलींचा होता. शर्यतीच्या मोटरसायकलचं इंजिन शर्यतीपुरतं जपायचं असतं आणि ते पुन:पुन्हा उघडलं जातं. तिथे फिल्टर धुणं, वाळवणं, मोजून तेल लावणं हा रोजच्या कामाचा भाग असतो. जुन्या विलीज जीपचा ऑइल बाथ फिल्टरही असाच. हवा तेलावरून वळवायची, धूळ तेलात बसते, आणि तेल वेळेवर बदलायचं. न बदलणाऱ्याला तो फिल्टर उपयोगाचा नाही. धुवायचा फिल्टर हा काळजीपासून सुटका देत नाही, उलट जास्त काळजी मागतो. आपले लोक मात्र तो सुटका म्हणून विकत घेतात.

लष्करी इतिहासातलं एक उदाहरण मला फार आवडतं. मार्च १९४२ मध्ये माल्टाच्या बचावासाठी स्पिटफायर विमानं पाठवली गेली, पुढे ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातही लढली. धुळीसाठी त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला होता. इंजिन वाचत होतं, पण त्या फुगीर हनुवटीमुळे वेग आणि चढाई दोन्ही घटत होती, आणि जर्मन मेसरश्मिटसमोर वैमानिकांना त्याची किंमत मोजावी लागत होती. तेव्हा इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर इथल्या दुरुस्ती केंद्राने छोटा, सुटसुटीत फिल्टर तयार केला. तो ‘अबुकीर फिल्टर’ म्हणूनच ओळखला जातो. कंपनीने दिलेला फिल्टर काढून दुसरा बसवणं म्हणजे आजच्या भाषेत आफ्टरमार्केटच. फरक इतकाच, की तिथे गरज जिवावरची होती, बदल करणारे अभियंते होते, आणि त्या इंजिनांची वरचेवर तपासणी करणारी यंत्रणा पाठीशी होती. आपल्या पार्किंगमध्ये यातलं काहीही नसतं.

फौजेत वाहनात मनाने बदल करायला बंदी का असते, हे थरमध्ये एकदा सरावाला गेलेल्या माणसाला विचारा. ताफ्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपासून पुढे ड्रायव्हरला समोर फक्त पिवळी भिंत दिसते. संध्याकाळी हार्बरमध्ये पोचल्यावर, चहाच्या आधी, एअर क्लिनर उघडला जातो. जवान थकलेला असतो, तरी उघडतो, कारण उद्या ती गाडी दुसरा कोणी घेऊन जाणार असतो. मेंटेनन्स परेडचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे: वाहन आपलं नाही, आपल्या हवाली आहे.

इथल्या हवेचाही विचार करा. सुती फिल्टर धुतल्यावर तो सावलीत, आपला आपण पूर्ण सुकावा लागतो. हेअर ड्रायर नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही. कोलकात्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये, जिथे दोरीवरचा बनियन दोन दिवसांत सुकत नाही, तिथे घड्यांचं जाड कापड किती दिवसांत सुकेल? तोवर गाडी उभी ठेवणार कोण? मग ओलसर फिल्टर बसतो, किंवा घाईत त्यावर तेल जास्त ओतलं जातं. जास्त झालेलं तेल उडून पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसू शकतं. तेल कमी पडलं, तर बारीक धूळ धरायला काही उरत नाही. शिवाय पाणी. सप्टेंबर २०२५ मध्ये अलीपूरला चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. कंपनीने हवेचं तोंड जमेल तेवढं उंच ठेवलेलं असतं. ‘थंड हवा मिळेल’ म्हणून ते बंपरमागे खाली आणणाऱ्या किट मिळतात. त्या तोंडातून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो, ती गोष्ट. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार इथे सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत सुरक्षेचं काम बघतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी सेकंड हँड हॅचबॅक घेतली. आतून-बाहेरून चकचकीत गाडी, टायर नवे, शिवाय बॉनेट उघडून विकणाऱ्याने अभिमानाने दाखवलेला महागडा लाल फिल्टर. काही महिन्यांत गाडी इंजिन ऑइल खायला लागली. सकाळी सुरू केली की मागून निळसर धूर. त्यांनी मला बघायला बोलावलं.

मी फिल्टर काढला. तेल केव्हाच उडून गेलेलं, कापड ठिसूळ, आणि रबराची कड डब्यात एका बाजूने नीट बसलेलीच नाही. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या नळीत रुमाल फिरवला. रुमाल राखाडी झाला. सुभेदार साहेब तो रुमाल बघत राहिले. म्हणाले, “साहेब, मी तर घेतल्यापासून एक दिवस सर्व्हिसिंग चुकवलं नाही.” ते खरं होतं. गॅरेजने कॉम्प्रेशन तपासलं, दोन सिलिंडर कमजोर निघाले. रिंगा, बोअरिंग, मजुरी धरून साठ हजारांच्या घरात खर्च सांगितला. त्यांच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी त्याच महिन्यात होती. गाडी चार महिने झाकून उभी राहिली आणि सुभेदार साहेब बसने ड्यूटीवर जात राहिले.

आधीचा मालक वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. हौशी असेल. त्याने पिकअपची मजा घेतली, गुरगुर ऐकली, वेळेवर धुतला असेल-नसेल, आणि गाडी विकली. त्याच्या हाती असेपर्यंत गाडीला काहीच झालं नव्हतं. बिल मागाहून आलं, आणि ज्याने मजा घेतली नव्हती त्याच्या नावावर आलं.

हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावं, कारण आपला वर्ग या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना असतो. पोस्टिंग आली, एनओसी आणि पुन्हा रोड टॅक्सची कटकट नको, म्हणून अधिकारी गाडी विकतो. आणि ‘फौजी साहेबांची गाडी आहे, जपलेली असणार’ या भरवशावर ती घेणारा पुष्कळदा निवृत्त हवालदार, नायब सुभेदार असतो. ग्रॅच्युइटीतले पैसे मोडून आयुष्यातली पहिली गाडी घेणारा. तो भरवसा आपण वर्दीच्या नावावर घेतलेला असतो.

“गाडी माझी, पैसे माझे, तुम्ही कोण?” असं एका तरुण मेजरने मला हसत विचारलं. रास्त प्रश्न आहे. कायद्याचं बोलायचं तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबाबत कडक भूमिका घेतली. पण डब्यात बसणाऱ्या फिल्टरची आरसी बुकात नोंद नसते, तेव्हा कायदा बाजूला ठेवू. माझं उत्तर वेगळं आहे. गाडी तुमची आहे ती तुम्ही विकेपर्यंत. इंजिनाचं आयुष्य सहज पंधरा वर्षांचं, तुमचा हिस्सा त्यातला चार-पाच वर्षांचा. युनिटमध्ये चार्ज देताना-घेताना आपण चमच्यापर्यंत मोजणी करतो. ज्याची मोजणी होऊ शकत नाही, ते नीट सोपवणं ही तर त्याहून मोठी जबाबदारी. इंजिनातली झीज विकताना कोणालाही दाखवता येत नाही, म्हणूनच ती होऊ न देणं आपल्यावर आहे.

मग करायचं काय? कंपनीचा साधा कागदी फिल्टर घ्या. छोट्या गाडीचा चारशे-पाचशे रुपयांत मिळतो, लाल फिल्टरच्या किमतीत असे दहा-बारा येतील. बाजारात नकली माल भरपूर आहे, म्हणून अधिकृत काउंटरवरून बिलासकट घ्या. गाडीच्या पुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, ते पाळा. पण दर महिन्याला उघडून बघू नका. कागदावर धुळीचा हलका थर बसला की तो आणखी बारीक कण अडवतो, आणि दर वेळी उघडताना रबराची कड सैल होते. गॅरेजवाला कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘साफ’ करून देतो, त्यालाही नाही म्हणा. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडू शकतात. बदलताना डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसा आणि सगळ्या क्लिपा बसल्याची स्वतः खात्री करा.

आणि सेकंड हँड गाडी घ्यायला जाल तेव्हा गाणी वाजवून बघण्याआधी खिशात एक पांढरा रुमाल ठेवा. मालकाची परवानगी घेऊन फिल्टर काढा, पलीकडच्या नळीत रुमाल फिरवा. रुमाल पांढरा राहिला तर पुढचं बोलणं करा. मळला तर चहा पिऊन नमस्कार करून निघा, मग गाडी कितीही चकचकीत असो आणि विकणारा कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.